पत्रा मारलेलं दार

फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीला ग्राहकांच्या शिव्या खाण्यासाठी माणसे हवी होती. जाहिरातीत अर्थातच तसे लिहिलेले नव्हते. तिथे 'ग्राहकसेवा' असा सोज्ज्वळ शब्द योजला होता. घरी बसायचे, कानाला हेडफोन लावायचा, संगणकावर येणारे फोन घ्यायचे आणि समोरचा माणूस आईबहिणीवर उतरला तरी 'आपली गैरसोय समजू शकते' एवढेच म्हणायचे, असे ते काम. पत्रेमास्तरांच्या बायकोची निवड पहिल्याच मुलाखतीत झाली. तिच्या आवाजातला संयम मुलाखत घेणाऱ्या मॅडमना फार आवडला. "या कामाचा अनुभव आहे का तुम्हाला?" असे त्यांनी विचारले, तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली होती, "आहे. घरगुती."

मॅडम हसल्या. त्यांना ते विनोदाने घ्यावेसे वाटले, आणि तिनेही घेऊ दिले.

पत्रेमास्तरांचा कारखाना गल्लीच्या तोंडाशी होता. कपाटे, पेट्या, दुकानांची शटरे. पत्र्याचे म्हणून जे काही असते ते तिथे होत असे. मास्तरांचा हात सोन्याचा आहे, असे सगळे म्हणत. त्या हाताचा दुसरा उपयोग घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक नसल्याचे सोंग सगळ्यांनी उत्तम वठवले होते. मारून झाले की मास्तर काही दिवस खाली मान घालून वावरत. मग एका संध्याकाळी कारखान्यातून काहीतरी खांद्यावर घेऊन येत आणि न बोलता भिंतीला ठोकत बसत. क्षमा हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. तो पत्र्यातून निघे. तिचे मनगट मोडले, तेव्हा स्वयंपाकघरात झोकदार ताटाळे आले. डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हा मागच्या खिडकीला पत्र्याच्या झडपा बसल्या. दोन दातांच्या बदल्यात कपडे ठेवायचे मोठे कपाट मिळाले होते आणि त्याच्या दाराला आरसाही होता. शेजारणी येत, ताटाळ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "नशीब काढलंत हो वहिनी! आमच्याकडे एक खिळा ठोकून घ्यायचा तर वर्ष जातं."

"खरंय," ती म्हणे. मनगट तेव्हा अजून प्लास्टरमध्ये होते. बाथरूममध्ये घसरून पडल्याचे तिने सांगितले होते आणि शेजारणींनी ते तत्परतेने खरे मानले होते.

घर पहिल्या मजल्यावर होते आणि त्याच्या मागच्या बाजूला अडगळीची एक खोली होती. अंगावर हात आला की ती पळत जाऊन त्या खोलीत शिरे आणि कडी लावून घेई. एकदा मास्तरांनी त्या दारावर अशी लाथ घातली की खालची फळी फुटून त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत आला. नंतरच्या रविवारी ते कारखान्यातून जाड पत्रा घेऊन आले. दाराच्या दोन्ही अंगांना, कडेपासून कडेपर्यंत, उंबऱ्याला घासेल इतका खालपर्यंत त्यांनी तो मढवला आणि बोटभर अंतरावर एकेक रिबीट ठोकले. काम संपल्यावर ते दोन पावले मागे सरून स्वतःच्याच कारागिरीकडे बघत राहिले.

"आता हे दार कुणाच्या बापाला तुटायचं नाही."

"आणि तुम्हाला?" तिने विचारले.

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तर केलं ना!"

आणि ते मनापासून बोलत होते. त्यांच्याविरुद्ध पुष्कळ सांगता येईल. पण त्या रविवारी आपण बायकोला आपल्यापासून वाचवतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. स्वतःचा हात आवरण्यापेक्षा दार मजबूत करणे त्यांना सोपे वाटले, एवढेच.

नोकरी मिळाल्यावर तिने संगणक त्याच खोलीत मांडला. राउटर पुढच्या खोलीत, प्रवेशदाराच्या वर. सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले आणि मग जोडणी तुटू लागली. पडद्याच्या कोपऱ्यातले पंख्यासारखे चिन्ह एकेक पट्टी गमावत करडे होई, समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घोगरा होई आणि शिवी अर्ध्यावर राहून फोन बंद पडे. अर्धवट राहिलेली शिवी माणसाला किती डिवचते, हे ज्याने असले काम केले नाही त्याला कळायचे नाही. तोच ग्राहक पुन्हा फोन लावी आणि आता फ्रिज बाजूला राहून प्रकरण तिच्यावर येई.

"फोन आपटतेस काय गं माझ्यावर? तोंड फोडून ठेवीन, समोर आलीस तर!"

"जोडणी तुटली होती, साहेब. आपली गैरसोय समजू शकते."

अलीकडून एक तोंड फोडणारा, पलीकडून दुसरा. फरक इतकाच की पलीकडच्याला तिचा पत्ता ठाऊक नव्हता.

मॅडमचा फोन आला. "ताई, तुमचं काम उत्तम आहे हो. पण लाइन सारखी पडतेय तुमची. उमेदवारीच्या काळात मर्यादेबाहेर गेलं ना, तर सिस्टिम आपोआप नाव कापते. मग माझ्या हातात काही राहत नाही."

नाव कापले जाणे तिला परवडणारे नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका निवृत्त शिक्षिकेने तिला वरची खोली द्यायचे कबूल केले होते. एकटी बाई चालेल, म्हणाली होती, पण नोकरी कायम झाल्याचे पत्र दाखव. अर्ध्या वाटेवरून परत जाणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, असेही शिक्षिकेने ऐकवले होते. हे तिने घरात कुणाला सांगितले नव्हते. ती उमेदवारी पार पडेपर्यंत जोडणी टिकवायची, एवढी एकच गोष्ट तिला आता आयुष्याकडून हवी होती.

इंटरनेटवाल्यांच्या मदतकेंद्राला तिने फोन लावला. स्वतः तक्रारी ऐकणारी असल्यामुळे पलीकडच्या मुलीवर ती आवाज चढवू शकली नाही. कदाचित त्यामुळेच तिची तक्रार कुणी मनावर घेतली नाही. यंत्र बंद करून चालू करा, असे तिला सांगण्यात आले. ती तसे करी, यंत्र चालू होई, आणि दुपारी पुन्हा तुटे. शेवटी एक वायरमन आला. त्याने वायर बदलली, राउटर उलटासुलटा करून पाहिला आणि मागच्या खोलीत जाऊन मोबाइल वर धरला.

"इथं तर फुल्ल आहे, ताई. काय प्रॉब्लेम नाही."

"तुम्ही असताना नसतोच."

"कधी तुटतं मग? काही चालू असतं का त्या वेळी घरात? ओव्हन, मिक्सर वगैरे? असल्या वस्तू सिग्नलला त्रास देतात कधीकधी."

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. कारण मिक्सर चालू असे. सासूबाईंची ती जुनी रीत होती. मुलाचा आवाज चढला की त्या उठत, मिक्सरच्या भांड्यात मूठभर काहीही टाकत आणि बटण पूर्ण फिरवत. आत कुणी किंचाळले तरी शेजारी घरघरच ऐकू जाई. त्यांच्या तरुणपणी मिक्सर नव्हता. तेव्हा त्या म्हणे नळ सोडून बादलीवर बादली भरत.

वायरमन गेल्यावर तिने विषय काढला. "आई, मिक्सर लावत जाऊ नका हो. त्यानं माझं काम बंद पडतं."

"आणि मग सगळ्या गल्लीनं ऐकायचं का?"

"ऐकू दे."

"तुला काय गं! उद्या बाजारात मला तोंड दाखवायचंय."

"माझंही तोंडच आहे, आई," ती म्हणाली. त्या वेळी तिचा खालचा ओठ शिवलेला होता. सासूबाईंनी तिकडे बघण्याचे टाळले. पण मिक्सर लावणार नाही असे पुटपुटल्या.

परीक्षा लवकरच झाली. मास्तर दुपारी जेवायला आले तेच तापलेले. कुणीतरी शटर वाकडे बसले म्हणून नावे ठेवली होती. त्यांनी पहिला घास घेतला, ताट उचलले आणि ते चक्रासारखे तिच्याकडे भिरकावले. कड भुवईवर बसली. डोळ्यांत रक्त ओघळल्यामुळे तिला दार दिसेना. सवयीने पावले मोजत ती मागच्या खोलीत गेली, कडी लावली, ओढणीने डोळा पुसला आणि वाजत असलेला फोन घेतला. बाहेरून पत्र्यावर बुक्के बसू लागले. पोकळ, घुमणारा, छातीत शिरणारा आवाज. घरात मिक्सर लागला नव्हता. सासूबाई शब्दाला जागल्या होत्या. आणि तरीही कोपऱ्यातले चिन्ह करडे झाले, फोन तुटला.

मिक्सर निर्दोष होता.

बाहेरचे बुक्के थांबेपर्यंत ती त्या करड्या चिन्हाकडे बघत बसली, आणि कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाईंनी शिकवलेले एक वाक्य तिला आठवले: दोन गोष्टी एकदम बदलाल तर काहीच सिद्ध होणार नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर गेल्यावर तिने सासूबाईंना स्वयंपाकघरात उभे केले.

"आई, लावा मिक्सर. फुल."

"तूच म्हणालीस ना, लावू नका!"

"आज लावा. रिकामाच."

मिक्सर कोकलला. चिन्ह जागचे हलले नाही.

"आता बंद करा." तिने खोलीचे दार लावले. पट्ट्या एकेक करून मावळल्या. दार उघडले, पट्ट्या परत आल्या. लावले, गेल्या. मिक्सर, पंखा, ट्यूब, सगळे एकेक करून तपासले; राउटरचे बटणही सासूबाईंकडून पुन्हा पुन्हा बंद-चालू करून घेतले. खिडकीच्या झडपा उघडूनही पाहिल्या. दोष दाराचाच होता.

"काय चाललंय तुझं?" सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "दार लाव, दार उघड! डोक्यावर परिणाम झालाय का?"

ती आत हसत सुटली. हसता हसता खाली बसली, आणि भुवईची जखम पुन्हा वाहू लागली तरी तिला थांबता येईना.

जोडणी तुटायची ती मारझोडीच्या वेळी, कारण मारझोडीच्या वेळीच दार लागायचे. नवऱ्याने तिला स्वतःपासून वाचवण्यासाठी जे दार मढवले होते, त्यातून आवाज बाहेर जात नव्हता आणि सिग्नल आत येत नव्हता. दार लावले तर हाडे शाबूत आणि नोकरी गेली. उघडे ठेवले तर नोकरी शाबूत. टेबल पुढच्या खोलीत न्यायचे म्हणजे वाघाच्या पुढ्यात पान वाढून बसण्यासारखे होते.

वायरमनने फोनवर तोडगा सांगितला: दाराला एक छोटे भोक पाडून राउटरपासून वायर आत घ्यायची, की झाले. तिने चार दिवस शब्द जुळवले. मास्तर चहा पिऊन निवांत बसले असताना म्हणाली, "अहो, त्या दाराच्या पत्र्याला एवढंसं भोक पाडून द्याल का? वायर आत घ्यायचीय. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"भोक? माझ्या कामाला भोक?"

"बारीकसं. करंगळीएवढं."

"कुणासाठी बसवलं ते दार? सांग ना! कुणासाठी? सबंध रविवार मोडून पडलो होतो मी त्याच्यासाठी!"

पुढचे वर्णन करण्यात अर्थ नाही. शिकलेल्या वाचकांना असे तपशील अभिरुचीला सोडून वाटतात. इतके सांगितले म्हणजे पुरे, की तिचे डोके त्याच दारावर आपटले गेले, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक आघातासरशी मास्तर विचारत होते, "कुठं पाडू भोक? इथं? की इथं?" जाड पत्र्याला पोचाही आला नाही. काम खरोखरच उत्कृष्ट होते.

"दाराला हात लावलास तर हात तोडून ठेवीन," ते शेवटी म्हणाले आणि निघून गेले.

सकाळी मास्तरांची पाठ वळताच तिने पलंगाखालची त्यांची हत्यारांची पेटी ओढली. ड्रिल काढले, ठोकायची जड मोगरी काढली, पटाशी काढली. एका भोकासाठी एवढा मार खाल्ल्यावर आता एका भोकावर भागवणे तिला मान्य नव्हते. पहिल्या रिबिटात ड्रिलचे टोक शिरले, पत्रा किंचाळला आणि गरम चुऱ्याचा फवारा तिच्या गालावर आला. तिला ते आवडले. सरळच सांगायचे तर, कित्येक वर्षांत कुठलीच गोष्ट तिला इतकी आवडली नव्हती.

"अगं बाई! तो मारून टाकील तुला!" सासूबाई धावत आल्या.

"टाकू दे. पण त्याआधी मला कायम होऊ दे."

सासूबाईंनी सुटलेल्या रिबिटाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "खालनं उचक. वरनं सुटला तर पायावर येईल." आणि पदर खोचून त्यांनी पत्र्याची एक कड धरली.

दुपारपर्यंत दोन्ही पत्रे सुटले. ते पुढच्या खोलीच्या भिंतीला टेकून ठेवताना दोघींची दमछाक झाली. उरले ते जुने लाकडी दार, खालच्या फळीत लाथेचे भगदाड तसेच असलेले. ती आत गेली, दार लावले, कडी घातली. पट्ट्या जागच्या जागी. उमेदवारीचा तो शेवटचा आठवडा होता आणि नोंदीत आणखी एका तुटीलाही जागा नव्हती.

मास्तर त्या दिवशी लवकर आले. त्या वेळी तिच्या कानात एक ग्राहक गरजत होता; त्याचा फ्रिज नवा असून गार होत नव्हता.

"फसवलंत तुम्ही मला! चोर आहात सगळे!"

"साहेब, मॉडेल नंबर सांगता का?"

पुढच्या खोलीत पावले वाजली आणि थांबली. मास्तरांनी भिंतीला टेकलेले पत्रे पाहिले असावेत. मग ते धावत आल्याचा आवाज झाला आणि दार चौकटीसकट हादरले.

"उघड! माझ्या हातचं काम काढतेस? उघड, तुझा मुडदा पाडतो!"

"कोण बोलतंय ते?" ग्राहकाने विचारले.

"काम चालू आहे घरात. मॉडेल नंबर, साहेब."

"आई!" मास्तर ओरडले. "ते वरचं यंत्र बंद कर! बटण दाब त्याचं! बघू कशी बोलते!"

ती टेबलाची कड धरून ऐकत होती. सासूबाईंना बटण ठाऊक होते. मागे प्रयोग करताना तेच तर त्यांनी कितीदा दाबले होते.

"कुठलं बटण रे?" सासूबाईंचा आवाज आला. "मला नाही बाबा कळत यातलं काही."

"लाल दिवा आहे ना, त्याच्या शेजारचं!"

"माझा चष्मा सापडत नाहीये."

मास्तर त्यांच्याकडे वळले नाहीत. ते खाली बसले. भगदाडातून त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत आत आला आणि कडीच्या दिशेने फळी चाचपत वर सरकू लागला. तिने हेडफोनची वायर सांभाळत खुर्ची मागे सारली आणि जमिनीवरची मोगरी उचलली.

"बिल आहे का आपल्याजवळ?" तिने विचारले आणि मोगरी घातली.

पहिला घाव मनगटावर बसला. हात मागे जाईना, फुटलेल्या फळीच्या दातांत अडकला होता. दुसरा बोटांच्या सांध्यांवर. तिसऱ्या घावाची गरज नव्हती. तोही तिने घातला. दारापलीकडून आलेली किंकाळी माणसाची वाटत नव्हती.

"अहो, तिथं काय होतंय काय?" ग्राहकाचा आवाज एकदम खाली आला होता. "बाई, तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे, साहेब. खरेदीची तारीख सांगा."

त्याने सांगितली. मॉडेल नंबरही अगदी शहाण्या मुलासारखा सांगितला. तिने तक्रार नोंदवली आणि उद्या माणूस येईल असे सांगितले. तो "बरं, बरं" म्हणत राहिला, पण फोन ठेवेना. शेवटी "दार उघडू नका हां, ताई," एवढे म्हणून त्याने ठेवला. जोडणी शेवटपर्यंत अखंड होती.

मास्तरांचा हात मशीनमध्ये सापडला, असे गल्लीत सांगण्यात आले आणि गल्लीनेही ते नेहमीच्या तत्परतेने खरे मानले. हाडांचा डॉक्टर म्हणाला, बोटे हलतील, पण बारीक काम आता विसरा. हळहळणाऱ्यांची रांग लागली. एवढा सोन्याचा हात, असे जो तो म्हणत होता. तिच्या कपाळाचे टाके त्या गर्दीत कुणाला दिसले नाहीत.

आठवडा संपल्यावर मॅडमचा फोन आला.

"ताई, तो फ्रिज गार न होणाऱ्या साहेबांचा कॉल ऐकला मी. सगळा."

पोलीस, नोकरी, शिक्षिकेची खोली, सगळे तिच्या डोळ्यांसमोरून गेले.

"लाइन एकदाही पडली नाही हं! छान सुधारणा. फक्त मागे घरगुती आवाज फार होते. त्याची तेवढी काळजी घ्या पुढे. तुमचं कायमचं पत्र आजच निघेल."

"आवाज?" ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"मी लाइन तपासते, ताई," मॅडम म्हणाल्या आणि घाईने अभिनंदन करून फोन ठेवला.

पत्र आल्याच्या सकाळी तिने संगणक चादरीत गुंडाळला. मास्तर पलंगावर होते, हात गळ्यात बांधलेला, तोंड भिंतीकडे. ती निघते आहे हे त्यांना कळत होते. सासूबाईंनी न सांगताच कीबोर्ड उचलला आणि तिच्यामागून जिना उतरू लागल्या.

"तुम्ही येता का?" तिने पायऱ्यांवरच विचारले. "खोली एकच आहे. पण होईल."

"मी? आणि याला भरवणार कोण? त्याला घाससुद्धा उचलता येत नाही."

"तुमच्यावर हात उचलेल की तो. डावा अजून चांगला आहे."

सासूबाई थांबल्या. 'तुम्ही येता का' असे एवढ्या वर्षांत कुणी त्यांना विचारले नव्हते. वरून हाक आली. "आई! पाणी!"

त्यांनी कीबोर्ड तिच्या हातातल्या गाठोड्यावर ठेवला, घसरू नये म्हणून चादरीच्या गाठीत नीट खोचला आणि कठड्याला धरून वर चढू लागल्या.